जुनी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) चढावर मान टाकते? पार्ट मागवायच्या आधी हे बघा

कॅनडा-मिनेसोटाकडच्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी सत्तरच्या दशकातली स्की-डू कंपनीची एलान किंवा ऑलिंपिक स्नोमोबाइल स्वस्तात उचलतं आणि मग एकच रडगाणं, आयडलला मस्त चालते, जागेवर रेस दिली की छान ओरडते, पण खोल बर्फात नाहीतर चढावर फुल थ्रॉटल दिला की भुर्रर्र करून बसते. लोक लगेच कार्बोरेटर बदलायला निघतात. थांबा जरा.

आधी नुसतं ऐका. लोड आल्यावर इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी पुढे सरकत नाहीये का? मग इंजिनला दोष देऊ नका, बेल्ट (इंजिनचा जोर पुढच्या क्लचच्या पुलीवरून मागच्या पुलीवर नेणारा पट्टा) घसरतोय. बेल्टची रुंदी मोजा, नव्यापेक्षा ३ मिमीच्या आसपास कमी भरली तर बेल्ट गेला. आवाज खाली बसत असेल तर मागचा भाग स्टँडवर घ्या आणि इंजिन बंद ठेवून ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रुंद पट्टा) हाताने फिरवून बघा, जड फिरला तर ब्रेक चिकटलाय, बेअरिंग जाम आहे किंवा ट्रॅक जास्तच ताणलाय असंही असतं. मागच्या क्लचची पुली अडकून राहिली तरी चढावर इंजिन दबतं. (स्टँडवर ट्रॅक इंजिनने फिरवणार असाल तर मागे कुणालाही उभं करू नका, ट्रॅकवरचा खिळा किंवा तुटलेला तुकडा थेट मागे उडतो. आणि गॅरेजचं दार उघडं ठेवा.)

हे सगळं ठीक निघालं तर पुढचा संशय पेट्रोलचा. एक सोपी टेस्ट: गाडी दबायला लागली की चोक थोडासा ओढा. ओढल्यावर जोर आला तर इंजिन लीन चालतंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणखी दबली तर मिश्रण आधीच रिच (पेट्रोल जास्त) आहे किंवा स्पार्क कमजोर आहे. लीन निघालं तर "बघू अजून एक राउंड" अजिबात नको, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच येतं त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, वर उष्णता वाढते, आणि पिस्टन सीझ होतो नाहीतर त्याला भोक पडतं.

मग टाकीपासून पुढे सरकत चला. टाकीचं झाकण सैल करून चालवा, फरक पडला तर व्हेंट (झाकणातलं हवेचं भोक) तुंबलाय. टाकीतला फिल्टर बघा. पाइप तर डोळे झाकून बदला, जुना पाइप कडक होऊन चिरतो आणि गंमत अशी की त्यातून पेट्रोल गळत नाही कारण पंप ओढत असतो, पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. पंप चालतो क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या बंद भागाच्या) दाबाच्या ठोक्यांवर, तेव्हा तिथून येणारी बारीक नळी फुटलेली नाही ना तेही बघा. टिलॉटसन कंपनीचा कार्बोरेटर असेल तर पंप त्याच्या आतच असतो आणि त्याचा डायफ्राम (पातळ लवचिक पडदा) वर्षानुवर्षं पडून कडक होतो, इथे मात्र किट घ्यावंच लागतं. मिकुनी कंपनीचा असेल तर मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) काढून उजेडात धरा, भोक तुंबलेलं दिसेल. गावाकडे आरएक्स १०० खोललेल्यांना मिकुनी नवा नाही.

पेट्रोल बरोबर येतंय तरी लीनच? मग क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकांशी हवा अडवणारी रबरी कडी. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून हाताच्या पंपाने ६-७ पीएसआय हवा भरा, पंपावरच्या मीटरचा काटा भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. हे काम कंटाळवाणं आहे खरं पण पडून राहिलेल्या इंजिनमध्ये सील वाळलेलं हमखास सापडतं, माझ्या मते नवा पिस्टन टाकायच्या आधी हे केलंच पाहिजे.

स्पार्कचं म्हणाल तर लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आयडलला चालणारी कमजोर कॉइल चढावर उघडी पडते. गाडी गरम झाल्यावरच त्रास देते आणि थंड झाली की शहाण्यासारखी वागते, तर कॉइलवरच संशय घ्या. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप करणारे संपर्क) काळे पडले असतील तर त्यांना जोडलेला कंडेन्सर बघा. पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिमी, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच पाळा.

कॉम्प्रेशन मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा, सगळे प्लग काढा. ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनमध्ये दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर वरचा भाग खोलावा लागणार. आणि हो, मफलर आणि एअर बॉक्समध्ये टॉर्च मारा, उन्हाळाभर शेडमध्ये पडलेल्या गाडीत उंदरांनी घर केलेलं असतं, हसू नका, एक्झॉस्ट तुंबला की अगदी हेच लक्षण दिसतं.

दुरुस्ती झाली की नवे प्लग घाला, मोकळ्या जागी थोडं अंतर फुल थ्रॉटलवर जा आणि त्याच वेगात किल स्विच दाबून थांबा, मग प्लग काढा. चॉकलेटी रंग चांगला, पांढरा आला तर मेन जेट एक साइज मोठा, काळा ओला आला तर एक साइज लहान. ही टेस्ट कडक थंडीतच करा, थंड हवा जास्त दाट असते, शून्याच्या आसपास बरोबर वाटलेला जेट उणे २५ ला लीन पडतो.