कुरळे केस : जेल निथळत्या केसांना लावा आणि मग हात आवरा

कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घालायचा नाही, एवढं तुम्हाला पटलंय असं धरून चालते. ज्यांना अजून पटलं नसेल त्यांनी एकदा विंचरून आरशात बघावं. केस फुलतात ते कापूस पिंजल्यासारखे, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "अगं, जरा तेल लावून चापून बसव."

धुणं सोपं. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, तोही फक्त टाळूला. फेस खाली ओघळतो तेवढाच केसांना पुरतो. कंडिशनर मात्र हात आखडता न घेता कानांपासून खाली लावा, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. खोबरेल आदल्या रात्री लावा, धुतल्यावर चोपडू नका.

जेल विकतचं चालतं. मी जवसाचं करते. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आच, आणि सतत ढवळणं. आठ-दहा मिनिटांत चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबायला लागली की गॅस बंद करून लगेच गाळा. गार झाल्यावर ते गाळणीतून हलत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या. उरलेल्या बियांची चटणी होत नाही. मी करून पाहिली आहे.

आता खरं काम. इथे मी दोन वर्षं घालवली.

सगळीकडे वाचलेला सल्ला होता : केस टॉवेलने टिपून घ्या, मग जेल लावा. मी इमानाने टर्किश टॉवेल गुंडाळायचे, दहा मिनिटांनी सोडायचे आणि जेल लावायचे. टॉवेल सोडेपर्यंत वरचे केस भुरभुरायला लागलेले असायचे. मग मी आणखी जेल थापायचे. दुपारपर्यंत वर झिपऱ्या आणि खाली चिकट दोऱ्या. दोष जेलचा नव्हताच. पाण्याने केसांतले काही बंध सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. त्या वेळी बट ज्या आकारात असेल तोच आकार बसतो. एकेक केस सुटा होऊन वाळला, तर सुटाच राहणार.

म्हणून जेल न्हाणीघरातच लावायचं, पाणी अंगावर ओघळत असताना. केसांचे चार भाग करा. एकेक भाग दोन तळव्यांमध्ये धरून, नमस्काराचे हात जोडल्यासारखे, वरून खाली न्या. मग डोकं खाली वाकवून टोकं मुठीत गोळा करा आणि टाळूकडे दाबत न्या. पिळायचं नाही, दाबायचं. पचपच आवाज आला पाहिजे. नाही आला तर पाणी कमी आहे. ओंजळभर पाणी घ्या आणि पुन्हा दाबा, जेल वाढवू नका. हे वाक्य मला कोणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

नंतर पंचा. जुना, मऊ, धुऊन धुऊन विरलेला. त्यानेही खालून वर तसंच दाबून जास्तीचं पाणी टिपायचं, घासायचं नाही. टर्किश टॉवेल पाय पुसायला ठेवा.

आणि आता हात आवरा. पूर्ण वाळेपर्यंत केसांना बोट लावायचं नाही, बट कानामागे सारायची नाही, फोनवर बोलताना गुंडाळत बसायचं नाही. घाई असेल तर ड्रायरच्या तोंडाला डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारं भोकाभोकांचं टोपण, लावा आणि कमी आचेवर वाळवा.

वाळल्यावर केस शेवयांसारखे कडक होतील. इथे माझी दुसरी घोडचूक. बिघडलं असं समजून मी ते चक्क धुऊन टाकायचे. एकदा तर लग्नाला निघताना कंगव्याने मोडले आणि सगळ्या फोटोंत गवताची पेंढी डोक्यावर घेऊन उभी आहे. कडकपणा हवाच असतो. जेलचा तो पापुद्रा बटा वाळेपर्यंत एकत्र धरून ठेवतो. मानेवरचे केस हाताला गार लागले तर आत ओल आहे, थांबा. ओलसर असताना पापुद्रा मोडला तर मघाचा सगळा खटाटोप वाया. पूर्ण वाळल्यावर तळव्यांवर तेलाचे दोन थेंब चोळून मुठीने खालून वर चुरा. कडकपणा जातो, बट राहते.

पावसाळ्यात ग्लिसरिनचं जेल बाजूला ठेवा. ग्लिसरिन दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि केस फुगतात. केस हवेतला ओलावा पिऊन लांबतो, या गुणावर सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ साली आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं, माणसाचाच केस वापरून. जुलैत मुंबईला वेगळं यंत्र लागत नाही, माझं डोकं पुरतं.

रात्री केस टाळूवर सैल बांधा. उशीला साटनचा अभ्रा घाला. माझा आजीच्या विरलेल्या रेशमी साडीचा आहे. सकाळी चपटलेल्या बटाच तेवढ्या पाण्याने भिजवून मुठीत दाबा, सगळं डोकं भिजवू नका. तिसऱ्या दिवशी सरळ अंबाडा घाला आणि कामाला लागा.