जुन्या पेपरातल्या निधन वार्तांवरून घराण्याचा माग कसा काढायचा

आमच्या आजोबांना एक बहीण होती. घरात तिच्याबद्दल माहिती काय, तर "ती बेळगावकडे दिली होती", बस. नाव विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं, कारण माहेरचं नाव एक, सासरी ठेवलेलं दुसरं आणि हाक मारायचे तिसऱ्याच नावानं. शेवटी ती सापडली आजोबांच्या थोरल्या भावाच्या निधनाच्या बातमीत. चार ओळींची बातमी, आणि त्यातल्या शेवटच्या अर्ध्या ओळीत ही आत्या, सासरच्या आडनावासकट.

तेव्हापासून जो कोणी वंशावळ करायला घेतो त्याला मी हेच सांगते, की निधन वार्तेत तारखेच्या मागे लागू नका, तारीख इतर ठिकाणीही मिळते, तुम्ही त्यातली जिवंत माणसं बघा. "पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, जावई..." ही जी ओळ आपण एरवी न वाचता सोडतो तीच कामाची.

आधी घरातच शोधा

लायब्ररीत जायची घाई नको. देवघरातल्या पोथ्या उघडून बघा, गुरुचरित्राच्या नाहीतर हरिविजयाच्या पानांत कात्रण घडी करून ठेवलेलं असतं. जुन्या फोटोंच्या मागची बाजू बघा, फ्रेम असेल तर मागचा पुठ्ठा सोडवून बघा. माळ्यावरची पितळी आणि स्टीलची भांडी काढा, त्यांच्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" आणि खाली तारीख असं कोरलेलं असतं. गावच्या देवळाच्या पायऱ्या आणि फरश्याही वाचा, तिथेही स्मरणार्थ असतं. पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये घर होतं अशांकडे मात्र बरेचदा काहीच निघत नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ट्रंकाच्या ट्रंका गेल्या. मग पेपर हाच आधार उरतो.

तिथी असेल तर तिची तारीख करा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सन आठवत नाही पण श्राद्धाची तिथी पाठ असते. ती लिहून घ्या, पण एक लक्षात ठेवा, पितृपक्षातलं श्राद्ध "पंचमीला" असेल तर माणूस पंचमीला गेला एवढंच कळतं, महिना आणि शुद्ध की वद्य ते कळत नाही. त्यासाठी वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात करायचे ते विचारा. पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला करत असतील तर तिचा आणि नवमीचा संबंध असेलच असं नाही, पण ती नवऱ्याच्या आधी गेली हे पक्कं, म्हणजे पणजोबांच्या बातमीत "पश्चात पत्नी" म्हणून कोणी दिसलीच तर ती दुसरी बायको, आणि तिथून वेगळीच गोष्ट सुरू होते. चतुर्दशीला असेल तर अपघाताचा किंवा घातपाताचा मृत्यू असायची शक्यता असते. सर्वपित्रीला मात्र ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंही करतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका.

शके दिला असेल तर हिशोब सोपा आहे. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे भाद्रपद शके १८७९ हा १९५७ मध्ये येतो आणि त्याच शकातला माघ १९५८ मध्ये. गडबड होते ती पौषात, तो डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर असतो, तिथे दोन्ही वर्षांच्या फाइली बघायची तयारी ठेवा.

पेपर कुठला बघायचा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. माणूस राहत होता तिथला पेपर बघायचा की गावाकडचा? दोन्ही. गिरणगावातला चाकरमानी मुंबईत गेला तर बातमी मुंबईच्या पेपरात आणि तिच्यात "मूळ गाव मु. पो. अमुक, जि. रत्नागिरी" असं. आता गंमत अशी की हे गाव आज सिंधुदुर्गात असेल, कारण तो जिल्हा १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. तसंच "जि. कुलाबा" म्हणजे आजचा रायगड. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नकाशा आजचा धरून शोधलंत तर गाव सापडणारच नाही.

पेपर कधीपासूनचा आहे तेही बघून ठेवा. केसरी १८८१ चा, पण सुरुवातीला साप्ताहिक, मंगळवारी निघायचा, त्यामुळे बातमी आठवड्यानं येऊ शकते. सकाळ १९३२ पासून, लोकसत्ता १९४८ पासून, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून. बेळगाव-खानापूरकडची माणसं असतील तर बेळगावचा तरुण भारत. आणि फार जुन्या काळात साध्या माणसाची बातमी यायचीच नाही हे मान्य करून टाका, इनामदार, वकील, मास्तर, कीर्तनकार असेल तर यायची, शेतात राबणाऱ्याची नाही. अलीकडच्या काळात अडचण उलटी आहे, जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या निघाल्या, साताऱ्याची बातमी साताऱ्याच्या पानावर आणि लायब्ररीत ठेवलीय पुण्याची आवृत्ती, मग बसा शोधत.

लायब्ररीतलं काम

जुन्या नगर वाचनालयांत जा. रत्नागिरीचं १८२८ चं आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात केसरीवाड्यातलं ग्रंथालय, मुंबईत टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालय. कुणाकडे कुठल्या वर्षाच्या फाइली आहेत ते आधी फोन करून विचारा, नुसतं जाऊन उभं राहिलं की "फाइली बाइंडिंगला गेल्यात" ऐकून परत यावं लागतं, मी आलेय. जाताना चिठ्ठीवर पेपरचं नाव, वर्ष, महिना लिहून न्या, "आजोबांबद्दल काही आहे का" असं विचारलंत तर बिचारा ग्रंथपाल काय काढून देणार.

फाइल मिळाली की थुंकी लावून पान उलटायचं नाही, जुना कागद पापडासारखा मोडतो, दोन्ही हातांनी उलटायचं. धुळीचा त्रास असेल तर मास्क. फोटोची परवानगी विचारा आणि मिळाली तर आधी पहिल्या पानाचा, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा फोटो काढा, मग बातमीचा. हे मी सुरुवातीला केलं नाही आणि माझ्याकडे आजही अकरा कात्रणांचे फोटो आहेत जे कुठल्या दिवसाचे ते मला सांगता येत नाही.

शोधताना मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस सगळी पानं बघा, आतली स्थानिक पानं आणि छोट्या जाहिरातीसुद्धा. मग दहाव्या-तेराव्याच्या आसपासची जाहिरात. मग एक वर्ष पुढे जाऊन प्रथम पुण्यस्मरण. पुण्यस्मरणाची जाहिरात बातमीपेक्षा कामाची असते, तिच्यात फोटो असतो, बरेचदा जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा असतात आणि खाली "शोकाकुल" म्हणून अख्खं घर नावानिशी. १९९८ ला २५ वं पुण्यस्मरण छापलं असेल तर मृत्यू १९७३ चा, फक्त लोक तिथीनं करतात त्यामुळे दिवस दहा-पंधरा दिवसांनी पुढेमागे धरा.

मुंबईवाल्यांसाठी अजून एक जागा आहे, हाउसिंग सोसायटीच्या जाहीर नोटिसा. सभासद वारला की शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्याआधी सोसायटी पेपरात नोटीस देते, त्यात मयत सभासदाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि वारसाचं नाव असतं. भावनेचा लवलेश नाही पण माहिती चोख.

बातमी वाचायची कशी

नावाच्या आधीचं अक्षर आधी बघा. "सौ." असेल तर नवरा हयात होता, "गं. भा." असेल तर ती विधवा होती, त्यावरून नवऱ्याचा मृत्यू आधी शोधायचा की नंतर ते ठरतं. "वै." (वैकुंठवासी) किंवा "ह.भ.प." (हरिभक्त परायण) म्हणजे घरात वारी असण्याची दाट शक्यता, मग पंढरपूरच्या बडवे-उत्पात या जुन्या पुजारी घराण्यांकडे किंवा वारकऱ्यांच्या फडाकडे चौकशी करता येते. "कालकथित" हा शब्द बौद्ध घरांत, "ख्रिस्तवासी" ख्रिश्चन, "पैगंबरवासी" मुसलमान घरांत.

पुढच्या विधीचा शब्द गाव सांगतो. रक्षाविसर्जन लिहिलंय तर कोल्हापूर-सांगलीकडचं, दशक्रिया पुणे-नगरकडे, गंधमुक्ती नाशिक-खानदेशात, तेरवी विदर्भात. नागपूरहून मुंबईत येऊन तीस वर्षं झालेल्या घराची जाहिरातसुद्धा "तेरवी"च म्हणते. स्मशानाचं नावही टिपून ठेवा.

मग ती परिवाराची ओळ. इथे सावकाश. मुलगे नावानं येतात, मुली नुसत्या आकड्यात, जावयाचं नाव आलं तर तो कोणीतरी मोठा माणूस असतो. "मेव्हणे", "साडू", "व्याही" असे शब्द दिसले तर सोन्यासारखे जपा, बाईच्या माहेरचा पत्ता तिथेच असतो. बाईचं माहेर तिच्या स्वतःच्या बातमीत क्वचित सापडतं, ते तिच्या भावाच्या बातमीत शोधायचं, आमची आत्या अशीच सापडली. आणि कोण गाळलंय तेही बघा. भांडलेला भाऊ, पळून जाऊन लग्न केलेली मुलगी, पहिल्या बायकोची मुलं, ही माणसं कुटुंबात असतात आणि जाहिरातीत नसतात. दोन वेगवेगळ्या "शोकाकुल" याद्या एकाच माणसाच्या सापडल्या तर समजायचं की घर फुटलं होतं.

वयावर विसंबू नका, "वयाच्या ८० व्या वर्षी" म्हणजे सत्त्याहत्तर ते त्र्याऐंशी काहीही. एकाच नावाचे दोघे असतात, त्यामुळे मधलं नाव आणि आळी-पेठ जुळल्याशिवाय आपला माणूस म्हणायचं नाही. ऑनलाइन शोधताना आडनावाची जुनी रूपंही टाका, कुलकर्णी आणि कुळकर्णी दोन्ही, आणि १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या छपाईत गांव, नांव असे अनुस्वार असायचे तेही करून बघा.

ताडून बघा

पेपर घरच्यांनी सांगितलं ते छापतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानंतरचा मृत्यू असेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत दाखला मागा. त्याआधीचा असेल तर तहसीलमध्ये गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, कुणबी नोंदींच्या निमित्तानं २०२३ पासून ती पुस्तकं बऱ्याच ठिकाणी बाहेर निघालीत, फक्त जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा गाठावा लागेल. शेती असेल तर वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर केल्याची नोंद, काढा. बातमीत "तीन मुली" असतील त्यांची नावं फेरफारात मिळतात, निदान हक्कसोड करून घ्यायला तरी लिहिलेली असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे घरोघरी फिरून वंशावळ सांगणारे, येत असतील तर त्यांचा चोपडा, आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही, तिथे आजोबांनी स्वतः सांगून लिहिलेली नावं असू शकतात.

हे सगळं एका वहीत लिहा, प्रत्येक नावापुढे पेपर, तारीख, पान. जी माणसं आज हयात आहेत त्यांची नावं-पत्ते मात्र फॅमिली ग्रुपच्या बाहेर टाकू नका.

आणि शेवटी कधीतरी फोन करावा लागतो, पेपरातल्या नावावरून शोधलेल्या अनोळखी नातेवाइकाला. आत्याच्या नातवाला मी फोन केला तेव्हा मी कोण ते सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता, मग प्रश्न आला, "जमिनीचं काही आहे का?" त्यामुळे आधी कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲप करा, मग फोन. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं, तर तासाभरात त्यांच्याकडून आत्याचा फोटो आला, आणि खाली तिची तिन्ही नावं.