किल्ला, तुळशीचं लग्न, आवळी भोजन: लहान मुलांना घेऊन कार्तिक कसा साजरा करावा

लहान मुलं असलेल्या घरात दिवाळीचे चार दिवस फार धावपळीत जातात. पहाटेचं अभ्यंगस्नान, फराळ, पाहुणे, प्रवास, आणि भाऊबीज होईपर्यंत पोरं किरकिरी झालेली असतात. मग आकाशकंदील उतरतो आणि सगळं एकदम थांबतं. खरं तर पाडव्याला कार्तिक नुकता लागलेला असतो. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे पंधरा दिवस हवा छान असते, बाजारात आवळे, बोरं, ऊस आलेला असतो आणि करण्यासारखं भरपूर असतं. माझं म्हणणं एवढंच की दिवाळीचा सगळा भार त्या चार दिवसांवर टाकू नका. सण महिनाभर पसरवा आणि प्रत्येक वेळी एक काम पूर्णपणे मुलांच्या हाती द्या. काम हाती असलं की मूल रमतं.

आधी कॅलेंडर काढा

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. त्याच्या आदल्या रविवारी, १ तारखेला, किल्ला बांधायचा. १५ नोव्हेंबरचा रविवार गडावर जाण्यासाठी मोकळा ठेवा. तुळशीची लग्नं २१ तारखेच्या शनिवारपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे २४ तारखेपर्यंत, कधीही लावता येतात. २२ चा रविवार आवळी भोजनाला द्या. एवढ्या खुणा करून कॅलेंडर मुलांच्या उंचीवर टांगा.

कोणता किल्ला बांधायचा ते ठरवा

बांधाल तोच किल्ला दिवाळीनंतरच्या रविवारी बघायला जायचं, या हिशेबाने निवड करा. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते. प्रतापगडाच्या जवळपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या आहेत. रायगडाला रोपवे आहे. पुण्या-मुंबईकडच्यांना मी लोहगड सुचवेन. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले आले, त्यांत तो आहे. शिवाय मातीत करायला तो सोपा जातो. वर पसरट माथा, एका अंगाने निघालेली लांबलचक, चिंचोळी विंचूकाटा माची आणि चढताना एकामागून एक लागणारे चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. पाच वर्षांचं मूलसुद्धा चिखलाची वळकटी करून विंचवाची नांगी बनवू शकतं. बांधता बांधता गोष्ट सांगा: १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला. मुलं लगेच विचारतात, परत कसा घेतला? तिथून गप्पा सुरू होतात.

फ्लॅटमध्ये जागाच नसेल तर जलदुर्ग करा. मोठ्या परातीत पाणी, मधे एक चपटा दगड, त्यावर मातीची तटबंदी, झाला सिंधुदुर्ग. मालवणच्या समुद्रातल्या त्या किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. कागदाच्या होड्यांचं आरमार मुलं आपणहून करतात, सांगावं लागत नाही.

किल्ला बांधा

सोसायटीच्या आवारात, अंगणात किंवा गॅलरीत सकाळचं ऊन येणारा कोपरा बघा. फरशीवर जुना प्लास्टिकचा कागद अंथरा. तीन फूट बाय चार फूट जागा भरपूर झाली. साहित्य असं: विटांचे तुकडे आणि दगड, दोन घमेली चाळलेली माती, एक-दोन जुनी गोणपाटं, गेरू, थोडे हळीव.

आधी विटा-दगड रचून डोंगराचा सांगाडा उभा करा. हे मोठ्या माणसाचं काम आहे, कारण सांगाडा डुगडुगला की वरचं सगळं कोसळतं. मग बादलीत माती कालवून ताकाइतकी पातळ करा, गोणपाट तिच्यात बुचकळून काढा आणि सांगाड्यावर पसरा. गोणपाट वाळलं की डोंगराला आपोआप कडे आणि घळी पडतात. कोरड्या मातीचे ढीग रचून असा आकार येत नाही. त्यावर जाडसर चिखलाचा लेप द्यायचा, आणि इथून पुढे सगळं मुलांवर सोडायचं. बुरूज, पायऱ्या, टाकं, गुहा, जे त्यांना सुचेल ते.

दुसऱ्या दिवशी लेप आवळला की हळीव पेरा. बरेच जण मोहरी किंवा गहू टाकतात, तेही उगवतात, पण उताराला हळिवासारखं बी नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर हळीव टाकून मुलांना बघू द्या. थोड्याच वेळात प्रत्येक तांबूस दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण येतं आणि दाणे एकमेकांना चिकटतात. त्याच चिकटपणामुळे ते उभ्या कड्यावरही घट्ट बसतात. बोटांनी ते ओल्या मातीवर लावायचे. गणपतीत फुलांना पाणी शिंपडतो तसं दिवसातून दोन-तीनदा हातानेच शिंपडायचं. तांब्याने ओतलंत तर माती वाहून जाते. दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो. सकाळी उठल्या उठल्या पाणी घालणं हे एका मुलाचं ठरलेलं काम. त्याची आठवण मोठ्यांनी करून द्यावी, पण पाणी त्यानेच घालावं.

मावळे शक्यतो मातीचे आणा. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी भरपूर मिळतात. महाराज सिंहासनावर, बुरुजांवर पहारेकरी, खाली गावात गवळण आणि भाजीवाली. धाकटं लेकरू बालेकिल्ल्यावर आपली खेळण्यातली बस नेऊन उभी करेल. राहू द्या. किल्ला त्याचाही आहे.

दिवाळीच्या दिवसांत हात आखडता घ्या

इथे मोजकंच करा. पहिल्या अंघोळीला उटणं लावणं, दारात ठिपक्यांची छोटी रांगोळी, संध्याकाळी पणत्या. चार वर्षांच्या मुलाला पाच पणत्यांत तेल घालणं पुरेसं काम आहे. फुलबाजी हातात देताना सुती कपडे, पायात चप्पल आणि शेजारी पाण्याची बादली हवीच. विझलेली तार लगेच बादलीत टाकायला शिकवा. अंधारात पडलेल्या अशाच गरम तारांवर पाय पडून भाजतो.

गडावर जा

लोकलने जाणार असाल तर पुणे-लोणावळा मार्गावर मळवली स्टेशन आहे. लहान मुलं असतील तर तिथून चालत न जाता गाडीने लोहगडवाडी गाठा, म्हणजे मुलांचे पाय पायऱ्यांसाठी शिल्लक राहतात. सकाळी लवकर चढायला लागा, नोव्हेंबरातही दुपारचं ऊन चटका देतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. पावसाळ्यातलं गवत या दिवसांत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत, पँटच्या कडांत घुसतात. मूल रडायला लागतं आणि कारण कळत नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बंद बूट घाला आणि लोकरी मोजे घरी ठेवा. अत्तर, परफ्यूम लावू नका. वर आरडाओरडा, धूर करू नका, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात. टाक्यांच्या आणि तटाच्या कडेला मुलाचा हात सोडू नका.

वर गेल्यावर माहितीचे धडे देऊ नका. चार दरवाजे मोजायला सांगा आणि विंचूकाटा दाखवून विचारा, आपल्या किल्ल्यावर हे कुठे आहे? घरी केलेली माची मुलांना बरोबर आठवते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भरपूर पाणी एवढी शिदोरी पुरते. कचरा पिशवीत भरून खाली आणण्याचं काम मोठ्या मुलाला द्या.

किल्ल्याची माती तुळशीला द्या

मावळे कागदात गुंडाळून ठेवा. हळिवाचा पाला उपटून मातीतच कुस्करा. प्लास्टरचा किंवा रंगाचा अंश नसलेली माती चाळून तुळशीच्या कुंडीत घाला. मुलांना मोडताना वाईट वाटतं, पण त्याच मातीत नवरी उभी राहणार म्हटल्यावर घमेलं तेच ओढत नेतात.

तुळशीचं लग्न लावा

मला विचाराल तर मुलांसाठी वर्षातला हा सगळ्यात चांगला सण. लग्न खरं, पण पाऊण तासात उरकणारं. नटणं आहे, अक्षता फेकणं आहे, वर खाऊही आहे.

आदल्या दिवशी कुंडी किंवा वृंदावन गेरूने रंगवून घ्या आणि वाळलेल्या मंजिऱ्या काढा. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने बोटांनी ठिपके द्यायचे, तेही मुलांनी. लग्नाच्या दिवशी उसाचा मांडव करा. जागा असेल तर चार ऊस चार कोपऱ्यांत उभे करून शेंडे बांधा. गॅलरीत एकच ऊस कुंडीला बांधला तरी चालतो. तुळशीच्या बुडाशी चिंचा, आवळे आणि बोरं ठेवा. नवरीला हिरव्या बांगड्या, मणिमंगळसूत्र, छोटी ओढणी. नवरदेव म्हणजे देवघरातला बाळकृष्ण. त्याला ताम्हनात बसवून, अंगाला हळद लावून आणायचं.

कामं वाटून द्या. एकाने ताम्हन धरायचं, एकाने तुळशीच्या मागे मामा म्हणून उभं राहायचं. शेजारच्या दोन मुलांनी अंतरपाट धरायचा. धुतलेल्या पांढऱ्या पंचावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं की अंतरपाट तयार. तांदळात कुंकू कालवून अक्षता करा आणि प्रत्येकाच्या मुठीत थोड्याच द्या, नाही तर पहिल्याच मंगलाष्टकाला सगळ्या संपतात. दिवेलागणीला सगळ्यांना बोलवा. मंगलाष्टकं येणारी एखादी आजी इमारतीत असतेच, तिला मान द्या. ‘शुभमंगल सावधान’ सगळ्यांनी मिळून म्हणायचं. शेवटी अंतरपाट दूर, तुळशीला हार, टाळ्या आणि आरती. प्रसादाला चुरमुरे, गूळ-पोहे आणि उसाचे करवे.

गोव्यात आणि तळकोकणात उसाबरोबर चिंचेच्या आणि आवळ्याच्या फांद्याही वृंदावनात रोवतात. जवळ झाड असेल तर तसं करा, मांडव फार देखणा दिसतो.

आवळी भोजन

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायची ही जुनी रीत शहरात मागे पडली आहे आणि ती परत यायला हवी. रोपवाटिका, कृषी महाविद्यालयाचं आवार, ओळखीच्या कुणाचं शेत, असं आवळ्याचं झाड आधी हेरून ठेवा आणि मालकाला विचारा. सोबत एक घर घ्या, मुलांना मुलं लागतात. सांडणार नाही असं न्या: दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, दडपे पोहे, आवळ्याचं ताजं लोणचं. झाडाला हळद-कुंकू वाहून पंगत मांडा.

जेवण झाल्यावर प्रत्येकाला आवळ्याची एक फोड द्या. मुलं तोंड वाकडं करतात, डोळे मिटतात. तेवढ्यात पाण्याचा घोट द्यायचा. पाणी गोड लागतं! मग तेच पुन्हा पुन्हा फोडी मागतात.

त्रिपुरी पौर्णिमा आणि पुढे

पौर्णिमेला जवळच्या देवळात दिवे लावायला जा. गर्दीत दहा पणत्या सांभाळण्यापेक्षा लहान देवळाच्या पायऱ्यांवर दोन लावलेल्या बऱ्या. कोल्हापूरला असाल तर पंचगंगेच्या घाटावरचा पहाटेचा दीपोत्सव, आणि गोव्यात साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सोडल्या जाणाऱ्या सजवलेल्या नावा मुलांना दाखवाव्यात. नदीत दिवा सोडायचा असेल तर पानाच्या द्रोणातच सोडा, थर्माकोल नको.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत करा. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांगी तेव्हा पुन्हा ताटात येतात. भाजलेलं वांगं निवल्यावर सोलायचं काम मुलांचं. डिसेंबरच्या शेवटाकडे ज्वारी दाण्यात भरते आणि हुरडा सुरू होतो. चांगल्या शेतांवर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याला कार्तिकातच सांगून ठेवा आणि आगटीजवळ बसायला मुलांसाठी जुने कपडे बाजूला काढा.