कँटोनीजमध्ये ‘आधी’ शेवटी येतं

हाँगकाँगमध्ये कँटोनीज, म्हणजे तिथली चिनी बोली, बोलताना क्रियाविशेषणाची जागा चुकते, कारण आपण ‘मी आधी निघतो’ म्हणतो आणि मँडरिन या प्रमाण चिनी भाषेतही ‘आधी’ क्रियापदाच्या अगोदरच येतं. कँटोनीज माणूस म्हणतो, ‘ङो चौ सिन’. शब्दशः: मी निघतो आधी.

म्हणून सुटे शब्द पाठ करू नका. एक क्रियापद धरा आणि त्याला मागून शेपट्या जोडा. मी ‘सिक’ म्हणजे ‘खाणं’ घेतलं, कारण जेवणाच्या टेबलावर हे तिन्ही प्रकार सतत कानावर पडतात:

१. सिक सिन – आधी खा.
२. सिक तो ती – अजून थोडं खा.
३. सिक साय – सगळं खाऊन टाक.

जीभ वळली की ‘सिक’च्या जागी ‘थै’ (बघणं) ठेवा: थै सिन, थै तो ती, थै साय. ‘वाङ्मय’मधला ङ आपल्याला येतोच, इथे तो शब्दाच्या सुरुवातीला म्हणायचा, एवढंच.

एक मात्र सांभाळा. ‘सेङ यत’ (सतत) आणि ‘ङाम ङाम’ (आत्ताच) हे मराठीसारखे क्रियापदाच्या आधीच येतात. आणि ‘सिन’ उंच, सपाट सुरातच म्हणा. सूर बदलला की शब्दच बदलतो.