गोव्याची हवा मोजताना: सेन्सर कुठे चालतो, उपग्रह कुठे

यंत्र विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: मोजायचे काय? वास्कोतली कोळशाची धूळ किंवा डिचोली-साखळीच्या रस्त्यांवरची खनिजाची माती मुख्यतः जाड कणांची, म्हणजे पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) मधली. पीएमएस५००३ सारखा स्वस्त लेझर सेन्सर पीएम १०चा आकडा दाखवतो खरा, पण जाड कण त्याला नीट पकडता येत नाहीत. तो आकडा पुढे करून बंदरालगतची हवा चांगली असल्याचे कोणी सांगू लागले, तर मान्य करू नका. त्या धुळीसाठी फिल्टरचे वजन करणारे सॅम्पलरच हवे.

पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी, म्हणजे वाहनांचा आणि कचरा जाळल्याचा धूर मोजायला, हा सेन्सर उपयोगी आहे. त्याला ५ व्होल्ट द्या, त्याची टीएक्स (माहिती पाठवणारी) तार ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाच्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्या पिनेला) जोडा, माहिती पाठवण्याचा वेग ९६०० बॉड ठेवा. चालू केल्यावर पहिल्या ३० सेकंदांची नोंद टाकून द्या. पेटी साधारण ३ मीटर उंचीवर, तोंड खाली करून, स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब बसवा. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात; दर महिन्याला तपासा.

खरी अडचण दमटपणाची. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. पहाटे आकडा वाढला की लगेच कचऱ्याच्या धुराला दोष देऊ नका, आधी आर्द्रता बघा. आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर पेटीबाहेर, सावलीत लावा. पेटीत ऊब असल्याने आत लावला तर तो आर्द्रता कमी दाखवतो. मग सरकारी स्वयंचलित केंद्राशेजारी परवानगीने दोन आठवडे यंत्र ठेवा, एकदा जानेवारीत, एकदा पावसात, आणि तासाच्या सरासऱ्या व आर्द्रता घेऊन दुरुस्तीचे समीकरण काढा. अमेरिकेतले तयार समीकरण इथे चिकटवू नका. दुरुस्त केलेली २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या राष्ट्रीय मर्यादेशी ताडून पाहा.

सेंटिनेल-५पी उपग्रहावरून नायट्रोजन डायऑक्साइड मिळतो, तोही जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभातला. नाकाशी किती आहे ते त्यातून थेट कळत नाही. उपग्रहाच्या चित्रातली एक चौकट सुमारे ५.५ × ३.५ किलोमीटरची, त्यामुळे वास्को शहर, बंदर आणि समुद्र एकातच येऊ शकतात. फेरी दुपारी दीडच्या सुमारास होते, म्हणजे पणजीची सकाळ-संध्याकाळची वाहनगर्दी निसटते. तुलना करताना केंद्राच्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या नोंदींतले दुपारी १ ते २ चेच आकडे घ्या. उपग्रहाच्या प्रत्येक नोंदीसोबत ० ते १ असा गुणवत्तेचा आकडा येतो; तो ०.७५ पेक्षा कमी असलेल्या नोंदी गाळा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसे काही उरत नाही. डिसेंबर ते मार्चच्या मासिक सरासऱ्या वापरा.