'बरोबर' म्हणजे उत्तर नव्हे : प्राथमिकच्या मुलांना बीजगणिताकडे नेताना या चुका टाळा

चौथीतल्या भाचीला परवा एक ओळ लिहून दिली : ८ + ४ = □ + ५. तिने न थांबता चौकटीत १२ लिहिले. मग पुढचे '+ ५' तिला खुपायला लागले, म्हणून शेवटी स्वतःच '= १७' जोडून पेन्सिल खाली ठेवली. "बरोबर आहे ना, मावशी?"

तिला हसायचं कारण नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच गणित घातलं होतं. ७ हे उत्तर एकालाही आलं नाही. बहुतेकांनी १२ लिहिलं.

आपल्याकडे त्यात भाषेचा घोळ वेगळाच. = हे चिन्ह आपण 'बरोबर' असं वाचतो. बाई वही तपासतात तेही 'बरोबर', आणि ताईबरोबर दुकानात जायचं तेही 'बरोबर'. मग मुलाच्या लेखी या चिन्हाचा अर्थ एकच उरतो : आता बरोबर उत्तर लिही. म्हणून सुरुवातीला ही ओळ मी अशी वाचून घेते : "आठ आणि चार मिळून जितके, तितकेच चौकट आणि पाच मिळून." हा काही माझा शोध नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जितके-तितके. आणखी अज्ञात राशी आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं.

उत्तर नेहमी उजवीकडेच ठेवणं

१२ = ८ + ४ लिहून दाखवा. "उलटं लिहिलंय" म्हणणारी मुलं हमखास निघतील. ७ = ७ लिहिलं तर "यात गणित कुठंय?" अशा ओळी देऊन फक्त 'खरं की खोटं' विचारायचं. आणि थोड्या मोठ्या संख्या घ्यायच्या : ३८ + ४७ = ३९ + □. इथे बेरीज करत बसण्यापेक्षा 'इकडे एक वाढला, मग तिकडे एक कमी' हे दिसलं, की बीजगणित सुरू झालं, अक्षर एकही न लिहिता.

मोठ्यांची चूकही इथेच सांगून टाकते. फळ्यावर घाईत २५ + १० = ३५ + ५ = ४० असं मीही लिहिलेलं आहे. २५ + १० काही ४० होत नाहीत. दोन ओळी करा, खडू फार लागत नाही.

तराजू न दाखवताच 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' शिकवणं

मंडईत आजीबरोबर जाणाऱ्या पिढीने पारडी वरखाली होताना पाहिली होती. आताच्या मुलांना माहीत आहे तो इलेक्ट्रॉनिक काटा, आणि तो थेट उत्तरच सांगतो. दोन बाजूंचा प्रश्न येतोच कुठे?

घरी कपड्यांचा हँगर खिळ्याला अडकवा आणि दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या लावा. रिकाम्या पिशव्यांनी हँगर आडवा राहतो ना, ते आधी बघा. पहिल्यांदा मी वजनांसाठी चिंचोके घेतले आणि तोंडघशी पडले : इकडे सात, तिकडे सात, तरी हँगर कललेला. चिंचोके कुठले एकसारखे असायला! तेव्हा एकाच प्रकारची नाणी घ्या. काही नाणी रिकाम्या काडेपेटीत लपवायची, आणि दुसऱ्या पिशवीत तशीच एक रिकामी काडेपेटी टाकायची, नाहीतर पेटीच्या वजनाने घात होतो. आता एकीकडे पेटी आणि ३ नाणी, दुसरीकडे ८. "पेटी न उघडता सांग, आत किती?" दोन्हीकडून तीन-तीन काढली की पेटीसमोर पाच उरतात. हे हातांनी चार वेळा केलेल्या मुलाला चिन्ह का बदलतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

'प म्हणजे पेरू'

सोपं वाटतं, पण पुढे नडतं. ३प म्हणजे तीन पेरू, ठीक. मग प × क आलं की पेरूला केळ्याने गुणायचं? अक्षराच्या जागी वस्तू नसते, संख्या असते. 'एका पेरूची किंमत प रुपये' असं पूर्ण म्हणा.

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्तीही अशीच फसवी. 'सईकडे १२ गोट्या आहेत, त्या रियापेक्षा ५ ने जास्त, तर रियाकडे किती?' यात 'जास्त' बघून किती जण १७ लिहितात ते एकदा बघाच.

पाचवीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हे प्रकरण आहे, पण अगदी शेवटी. म्हणजे ते परीक्षेच्या तोंडावर उरकलं जाणार. माझं ऐकाल तर पुस्तकाची वाट बघूच नका.

'तीन-तीनने वाढतं' यावर समाधान मानणं

काड्यांनी एकाला एक लागून चौकोन करा : पहिल्याला ४ काड्या, दोनला ७, तीनला १०. पुढचं सगळे सांगतात. थेट विसावं विचारा. भाचीने दहा चौकोन मोजले, ३१ भरले, आणि दुप्पट करून ६२ सांगितलं. मांडून मोजल्यावर झाल्या ६१. दहा-दहाचे दोन तुकडे जोडताना मधली काडी दोघांत एकच असते, म्हणून. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. एक काडी मीच लपवली, असं तिचं म्हणणं आहे.