शेपूट हलकं ठेवा: रबरावर उडणारं हरिकेन

रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान बनवायचं तर आधी वजनकाटा घ्या, चाकू आणि टाचण्या नंतर. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचे एकाच मापाचे दोन पातळ तक्ते हातात सारखेच वाटतात, पण काट्यावर कधी कधी एक दुसऱ्याच्या दुप्पट भरतो. १/१६ इंच जाड, ३ इंच रुंद आणि ३६ इंच लांब तक्ता ९ ग्रॅमच्या आसपास भरला, तर तो शेपटासाठी जपून ठेवा. ११-१२ ग्रॅमचा फासळ्यांना. १५ च्या पुढचा ताठ तक्ता धडाच्या लांब पट्ट्यांना आणि पंखाच्या कण्याला.

मी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो आणि मन्सीच्या मैदानावर ही विमानं उडवतो. इंजिन नाही, रिमोट नाही, आत फक्त प्रॉपेलर फिरवणारं पिळलेलं रबर. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची स्पर्धा असते तेव्हा इशारा झाला की सगळे एकदम विमान सोडतात. जी आधी जमिनीला टेकतात ती बाद, उरलेल्यांची पुढची फेरी. शेवटच्या फेरीत सर्वांत उशिरा उतरेल तो जिंकतो.

मी हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान निवडलं त्याला कारण आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखालची आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन हरिकेनच उडवत होती. शिवाय खऱ्या हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर कापड ताणूनच केलेला होता. आपण पट्ट्यांवर टिश्यू, म्हणजे पातळ कागद, ताणतो तेव्हा त्यातून उमटणाऱ्या लांबीच्या रेघा अगदी खऱ्यासारख्या दिसतात. खऱ्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, म्हणजे १/२४ प्रमाणात २० इंच. रबर सोडून ३०-३५ ग्रॅममध्ये बसवा.

आता शेपटाचं. हरिकेनचं नाक आखूड. त्यामुळे शेपटात १ ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात अडीच-तीन ग्रॅम माती भरावी लागते. माझ्या पहिल्या हरिकेनचं शेपूट हाताला लागेल त्या लाकडाचं होतं, ५ ग्रॅम भरलं. नाकात माती घालता घालता विमान ५० च्या वर गेलं आणि दगडासारखं खाली यायचं. दुसऱ्याचं शेपूट २ ग्रॅमचं केलं, तेव्हा ते खरं उडायला लागलं.

सांगाडा नेहमीसारखाच. विमानाच्या आराखड्यावर प्लॅस्टिक अंथरा, पट्ट्या टाचण्यांनी धरा, पांढरा डिंक पाणी घालून पातळ करून लावा. घाई टिश्यूच्या वेळी करू नका. टिश्यू आधी चौकटीवर ताणून पाण्याचा फवारा द्या आणि वाळू द्या, मगच विमानावर चिकटवा. रंग लावू नका, वजन वाढतं. मी हिरवा-तपकिरी रंग टिश्यूवर इंकजेटनेच छापतो. पंखावरच्या गोलात लाल नको. जपानी विमानाशी गफलत होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गडद आणि फिक्या निळ्याचेच गोल असत.

डोप, म्हणजे टिश्यू घट्ट करणारं वार्निश, निम्मं पातळ करून दोन हात द्या. ते वाळेपर्यंत पंख फळीवर टाचून ठेवा आणि दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली ३ मिलिमीटरची पट्टी सरकवा. टोकाला आलेला हा पीळ खालच्या पंखाच्या लढाऊ विमानाला वाचवतो. वेग पडला तरी टोकं शेवटपर्यंत उचलून धरतात, विमान एका बाजूला कोलमडत नाही.

पहिली उड्डाणं संध्याकाळी, वारा पडल्यावर, उंच गवतावर. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढच्या ३० टक्क्यांवर आणा आणि नुसतं हाताने सोडून तरंगतं का पाहा. मग रबराला १५० फेरे, मग ३००. पिळाच्या जोराने नाक वर करून थबकलं तर प्रॉपेलर धरणाऱ्या नाकाच्या ठोकळ्यामागे वरच्या बाजूला कार्डाची चकती घाला. डावीकडे फारच आवळून वळलं तर चकती डाव्या बाजूला. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

रबराला सिलिकॉन तेल चोळा, पाचपट लांब ताणा, निम्मे फेरे तिथेच द्या आणि उरलेले देत देत हळूहळू जवळ या. माझी धाकटी विमान धरते. पीळ देताना धडात रबराभोवती नळी घालायचीच. एकदा कंटाळा करून मी नळी घातली नाही. रबर तुटलं आणि महिनाभराचं धड क्षणात चिंध्या होऊन हातात आलं. नवीन रबर आलं की एक तुकडा तुटेपर्यंत पिळून पाहतो. माझा १,०५० ला तुटला, म्हणून स्पर्धेत ८५० च्या पुढे जात नाही. तेही शेवटच्या फेरीतच. पहिल्या फेरीत बाद न होण्यापुरता पीळ बस, उगाच उंच गेलं तर वाऱ्याबरोबर दूर जातं.

विमानावर नाव आणि फोन नंबर लिहा. मक्याच्या शेतात उतरलं तर जागेवरून हलू नका. आधी त्याच्या मागचं एखादं झाड किंवा खांब नजरेत धरा, मग त्या रेषेत सरळ चालत जा. मका डोक्यापेक्षा उंच असतो. आत शिरल्यावर ओळी मोजा.